दोन चाव्यांची खोली

आमच्या गावच्या जुन्या तुरुंगावर जो फलक लागला होता, त्याचा मजकूर मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर तोंडसुख घेणार आहे त्यांच्यात पहिला नंबर माझा, हे ध्यानात राहील.

गाव म्हणायचं ते सवयीनं. सोलापूर रस्त्यालगतचं हे गाव महापालिकेत जाऊन जमाना झाला. एका अंगाला मांजरीकडचे उसाचे थोडे फड उरलेत, दुसऱ्या अंगाला खराडीच्या ऑफिसांत जाणाऱ्यांच्या बारा-बारा मजली इमारती. मधे ही कचेरी. दगडी, कौलारू, पाच खोल्यांची. पुढच्या दोन खोल्यांत सरकारी काम चाले, मागच्या तीन खोल्या म्हणजे तुरुंग. चोरीमारी, दारू, बांधावरची डोकेफोड यातले लोक कोर्टात नेईपर्यंत तिथे ठेवत. पंचवीस वर्षांपूर्वी तो बंद झाला. मग कौलांवर पिंपळ उगवला, ओट्यावर पत्त्यांचे डाव पडू लागले, आणि इमारतीचा सत्यानाश पुरा झाल्यावर ती 'वारसा' ठरली. आपल्याकडे एखादी गोष्ट पुरती मेल्याशिवाय तिला वारसा म्हणत नाहीत.

लगेच समिती निघाली. तिचा प्रमुख गंधार. खराडीत मोठ्या नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी लोकांना जुन्या वास्तू दाखवत हिंडतो. मुलगा वाईट नाही. त्यानं घरी येऊन सांगितलं, "सर, दीडशे शब्द. क्रिस्प. आणि एंडला काहीतरी हुक पाहिजे." मी महापालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना 'पुराव्याशिवाय विधान करू नका' असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. आणि निवृत्तीनंतर कुणीतरी आपल्याला विचारतंय एवढ्यानं मी इतका पाघळलो, की चहाच्या टपरीवर ऐकलेलं भुताचं प्रकरण छान वळणदार भाषेत लिहून दिलं:

"येथील स्त्री-कोठडीत, पोटच्या मुलाचा जीव घेतलेल्या एका स्त्रीने गळफास लावून घेतला. तिन्हीसांजेला आजही येथून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू येते, असे स्थानिक सांगतात."

हे स्थानिक म्हणजे टपरीवाला, त्याची चार गिऱ्हाइकं आणि शंभू नावाचा एक म्हातारा, जो एकेकाळी या तुरुंगावर पहारेकरी होता. तुरुंगाची कागदपत्रं कुठे आहेत हेसुद्धा मी विचारलं नाही. मला तोंडभर कौतुक पाहिजे होतं, ते मिळालं.

फलकाचा फोटो आणि उद्घाटनाचं निमंत्रण गावच्या ग्रुपवर फिरलं. रविवारी सकाळी दहा वाजता कार्यक्रम. त्याच्या आधीच्या सोमवारी जयाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

जयाबाईंना मी ओळखत होतो ते त्यांच्या मुलांमुळे. प्रज्ञेश आणि दीक्षा दोघंही माझ्या हाताखाली शिकली. प्रज्ञेश आता बँकेत आहे आणि विहाराचा सचिव आहे, दीक्षा ससूनकडच्या एका खासगी इस्पितळात परिचारिका आहे. यजमान भीमराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे वारले. कचेरीच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर. बाई सत्तरीला टेकलेल्या, पण ताठ. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला.

"सर, ह्ये खोटं हाय. ह्ये काढा."

मी इतिहासाच्या मास्तरासारखंच वागलो. म्हणालो, अहो, ही लोककथा आहे, लोकांची असते, तिला खरं-खोटं असं नसतं.

"लोकांची न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी हाय. मी केलेली हाय."

मग मात्र त्या आत आल्या. पुढचे दोन तास मी खुर्चीत बसून जे ऐकलं, त्यानं माझी मलाच लाज वाटली.

त्या तुरुंगात बायांसाठी शिपाईण नव्हती. एखादी बाई आणली, की कचेरीचा माणूस वस्तीत येऊन जयाबाईंना बोलावून नेई. कोठडीत बाईजवळ पुरुष जायचा नाही, म्हणून सोबतीला बाई पाहिजे. कचेरीत तिला सोबतीणच म्हणत. सोबतिणीनं बाहेर बसायचं असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तिला आत घालत आणि दोघींवर मिळून कुलूप लावत. बाई चार दिवस राहिली तर सोबतीण चार दिवस, नऊ दिवस राहिली तर नऊ. जयाबाईंनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, आणि त्या आमच्या गावातल्या कुठल्याही चोरापेक्षा जास्त दिवस तुरुंगात राहिल्या. रोजावर. कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही.

आणि आता त्या खोलीची गोष्ट. मी फलकावर लिहिलं होतं, 'स्त्री-कोठडी'. थाटात. ती मुळात कोठडी नव्हतीच. इंग्रजांच्या वेळी ही इमारत बांधली तेव्हा ती तिजोरीची खोली होती. शेतसारा गोळा होई तो तिथे ठेवत. खिडकी नाही, वर छताजवळ वीतभर झरोका, आणि दाराला दोन कुलपं. एकाची चावी पहारेकऱ्याकडे, दुसऱ्याची नाझराकडे, म्हणजे कचेरीतल्या रोकड सांभाळणाऱ्या कारकुनाकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. तिजोरीसाठी नियम चांगलाच आहे. पुढे तिजोरी दुसरीकडे गेली, खोली रिकामी झाली, तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की बायांना इथे ठेवा. बाया आल्या. नियम मात्र तिजोरीचाच राहिला. तीस-चाळीस वर्षं कुठल्याही साहेबाला असं वाटलं नाही, की आत रुपये नाहीत, माणूस आहे. रुपयांना कळ येत नाही, रुपयांना ताप चढत नाही, हे त्या शिकलेल्या लोकांना कुणी सांगायचं?

साल सत्त्याऐंशी. वऱ्हाडाकडून बांधकामावर आलेली बावीस वर्षांची इंदू. तिचा नवरा वैजनाथ हातभट्टी लावायचा. पोलीस आले तेव्हा तो पळाला, म्हणून त्यांनी हिला उचललं. सातवा महिना होता तिला. जयाबाईंना बोलावणं आलं तेव्हा त्यांना स्वतःला आठवा होता. त्यांनी तसं सांगितलं. नाझर म्हणाले, बसून तर राहायचंय, तिथे काय दगड फोडायचेत?

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला इंदूच्या अंगावरून जायला लागलं. जयाबाईंनी दार बडवलं. बाहेर शंभू पहाऱ्यावर होता. त्याची चावी त्याच्याकडे होती. नाझर लोणी काळभोरला भाच्याच्या लग्नाला गेले होते, आणि दुसरी चावी त्यांच्या कोटाच्या खिशात. शंभूनं सायकलवरून माणूस पाठवला. लग्न लागायचं होतं, मग पंगती व्हायच्या होत्या. जयाबाई आतून ओरडत होत्या की कुलूप फोड. शंभू बाहेरून म्हणत होता की सरकारी कुलूप आहे, माझी नोकरी जाईल. त्यानं दाराखालून पाणी सरकवलं. शेजारच्या कोठडीतला एक कैदी म्हणाला, मला सोडा, मी फोडतो. त्याला शंभूनं गप्प केलं.

नाझर सव्वाचारला आले. नव्या कोटात, कपाळाला अक्षता. दोन्ही कुलपं रीतसर उघडली. इंदू त्याच्या आधी तासभर जयाबाईंच्या मांडीवर गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

कागदावर आलं, आजाराने मृत्यू.

भीमरावांनी बायकोच्या नावानं अर्ज केला. सगळं लिहिलं, तारीख, वेळ, चावी, लग्न. उत्तर नाही. दुसरा अर्ज केला. त्याचं उत्तर आलं, की सोबतीण हे पद मंजूर नसल्याने सदर महिला तेथे उपस्थित असल्याचे दिसून येत नाही. वा. पाच तास बाई मांडीवर घेऊन बसलेली ही, आणि हीच तिथे नव्हती. इंदू गेल्यावर दोन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दोन कुलपांत आणखी एक बाई ठेवायची म्हणून कचेरीचा माणूस पुन्हा वस्तीत आला. जयाबाईंची दीक्षा तेव्हा महिन्याची होती. त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी नेलं.

"तवा मी भूत केलं," जयाबाई म्हणाल्या. "आधी खरं सांगितलं व्हतं, सर. लेखी. खऱ्याला कुणी भ्यालं न्हाई. साहेबांना कायद्याची भीती नव्हती, भुताची व्हती."

खोलीत लेकरू रडतं, एवढंच त्यांनी नळावर सांगितलं. पंधरा दिवसांत पहारेकरी त्या दाराशी उभे राहीनात. नाझर खोलीची शांती करवून घ्यायला भटजी घेऊन आले. महिनाभरात हुकूम निघाला की बायांना इथे ठेवू नये, थेट येरवड्याला पाठवावं. दोन अर्जांनी जे झालं नाही ते भुतानं केलं. त्या खोलीत पुन्हा कुणी बाई कोंडली गेली नाही.

याची गंमत अशी, की भीमराव कडक माणूस. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले, भूतखेत गेली, अंगात येणं गेलं. वस्तीत कुणी लिंबू उतरवलं तरी भीमराव त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. भुताची आवई उठल्यावर त्यांनी कचेरीसमोर सभा घेतली आणि तासभर अंधश्रद्धेवर बोलले. पहिल्या रांगेत मांडीवर लेक घेऊन जयाबाई बसल्या होत्या. नवऱ्याला त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. मुलांनाही नाही. प्रज्ञेश तर विहारात याच विषयावर पोरांची शिबिरं घेतो.

चाळीस वर्षांत लोकांनी त्या रडण्याला आपापल्या परीनं हातपाय लावले. लेकरू रडतं म्हणजे कुणीतरी मारलं असणार. मारलं म्हणजे आईनंच. मग आईनं फास घेतला असणार. आणि शेवटी माझ्यासारखा एक शहाणा भेटला, ज्यानं ते शुद्ध मराठीत लिहून दिलं.

"तिला मारली ती मारली," जयाबाई म्हणाल्या, "आन् आता तिलाच लेकराची मारेकरीण केली. ते दगडावर लावताय तुम्ही. रविवारच्या आत काढा."

आम्ही दोघं त्याच संध्याकाळी गंधारकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कॉफी दिली, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग म्हणाला, "काकू, आय टोटली गेट इट. पण हे फोकलोर आहे ना. आणि आमच्याकडे शंभूमामांचा व्हिडिओ आहे, त्यांनी स्वतः ऐकलंय रडणं. तुमच्या बाजूनं काही डॉक्युमेंट आहे का?"

ज्या बाईचं नाव सरकारनं मुद्दाम कागदावर येऊ दिलं नाही, तिच्याकडे हा डॉक्युमेंट मागत होता. मी तोंड सोडलं. आवाज इतका चढला, की शेजारच्यानं दार उघडून पाहिलं. गंधार म्हणाला, सर, तुम्हीच लिहिलंय. म्हणूनच खोडायला आलोय, असं मी म्हणालो. शेवटी त्यानं कबूल केलं, की फलक तूर्त झाकून ठेवू आणि चार ओळी बदलून घेऊ. जिन्यात जयाबाई मला म्हणाल्या की हा बदलणार नाही. पुरावा लागतोय तर रविवारी पुरावा आणते. कसला, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी फलकावर कापड होतं. मांडव, खुर्च्या, सनई. दीडेकशे लोक. शंभूला पहिल्या रांगेत शाल पांघरून बसवला होता. प्रज्ञेश विहारातल्या चार लोकांसह आला होता, सचिव म्हणून त्याला बोलावणं होतं. जयाबाई मागे उभ्या होत्या, शेजारी इस्पितळातून सुटी काढून आलेली दीक्षा. गंधारनं कापड ओढलं. चारही ओळी तशाच. माझ्याकडे पाहून त्यानं प्रिंटिंगला वेळ मिळाला नाही अशी खूण केली.

मी उठलो आणि माईक घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, हा मजकूर मी लिहिलाय आणि शेवटच्या चार ओळी धादांत खोट्या आहेत. टाळ्या थांबल्या. मी इंदूचं नाव घेतलं, दोन कुलपं सांगितली, लग्न सांगितलं. अर्धंच झालं होतं, तेवढ्यात शंभू उठला.

"सर, तुमी व्हता का तितं? म्या व्हतो. चावी नव्हती ही खरी गोष्ट हाय. पर रडणं म्या सोताच्या कानानं ऐकलंय. धा येळा ऐकलंय. तिचंच लेकरू रडायचं."

लोक त्याच्याकडे वळले. मास्तरापेक्षा पहारेकऱ्यावर विश्वास ठेवणं स्वाभाविक होतं, मास्तरानं आताच आपण खोटारडे आहोत असं सांगितलं होतं. तेव्हा जयाबाई पुढे आल्या. त्यांनी दीक्षाचा दंड धरला होता.

"बरोबर ऐकलंस तू, शंभू. लेकरूच रडत व्हतं. ही रडत व्हती."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर, मुलासमोर, विहारातल्या लोकांसमोर सांगितलं. कचेरीच्या मागच्या भिंतीला बोळ आहे. दिवेलागणीला पहारा बदलायच्या वेळी त्या पदराखाली तान्ही दीक्षा घेऊन तिथे जायच्या, त्या वीतभर झरोक्याच्या खाली उभ्या राहायच्या. पाजता पाजता मधेच तिला ओढायच्या. तेवढ्यानं रडली नाही तर मांडीला चिमटा घ्यायच्या. आवाज झरोक्यातून आत जायचा आणि रिकाम्या खोलीत घुमून दारातून बाहेर यायचा. पंधरा दिवस त्यांनी हे केलं. पोरीची मांडी काळीनिळी झाली होती, ती भीमरावांना दिसू नये म्हणून त्या तिला अंघोळ एकट्यानंच घालायच्या.

"इंदूला मी भूत केलं," त्या म्हणाल्या. "मारेकरीण केली न्हाई. ते तुमी केलं समद्यांनी."

शंभूला खाली बसायचं भान राहिलं नव्हतं. तो दीक्षाकडे बघत होता.

"मग म्या दर अवसंला हितं नारळ फोडला त्यो?"

"त्या दिशी कुलूप फोडलं असतंस तर नारळ फोडायची येळ आली नसती."

शंभू बसला. त्याच्या खांद्यावरची शाल घसरली, ती त्यानं उचलली नाही. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही, आणि यायला पाहिजे असं कुणी सांगितलं तर त्यालाही मी चार शब्द ऐकवीन. नोकरी टिकवून तो निवृत्त झाला. नाझर बढती घेऊन निवृत्त झाले. त्यांच्या भाच्याचा संसार सुखाचा झाला असेल.

दीक्षा आईवर चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं परिचारिकेसारखा एकच प्रश्न विचारला. दवाखाना तेव्हा किती लांब होता? जयाबाईंनी हात करून दाखवलं. रस्त्यापलीकडे, जिथे आता मोबाइलचं दुकान आहे. रविवारीही डॉक्टरीणबाई वरच राहायच्या. दीक्षानं दुकानाकडे पाहिलं, मग त्या दाराकडे पाहिलं, आणि तिला जे रडू कोसळलं ते आईनं तिला जवळ घेऊनही थांबेना.

गंधार माईक शोधत होता. त्याला बहुतेक समारोप करायचा होता. प्रज्ञेश उठला. आईकडे त्यानं पाहिलं नाही. मांडववाल्याकडून पाना मागून घेतला आणि फलकाचे चार नट एकेक करून काढले. विहारातल्या दोघांनी खालून फलक धरला. गंधार म्हणाला की ही समितीची प्रॉपर्टी आहे. प्रज्ञेश म्हणाला, "तक्रार करा. माझं नाव कागदावर आहे."

नवा मजकूर समितीनं पुन्हा माझ्याकडेच दिला. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. या वेळी मी तिजोरी लिहिली, दोन चाव्या लिहिल्या, सोबतीण लिहिली, जयाबाईंचं नाव लिहिलं. शेवटी लिहिलं, 'नाझराच्या ताब्यातील चावी वेळेत न मिळाल्याने इंदू वैजनाथ या बावीस वर्षांच्या गर्भवती स्त्रीचा येथे दुर्दैवी अंत झाला.' कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि वाचून दाखवला.

जयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुर्दैवी कशाला? दैवाला मधी घेऊ नका, सर. ते नव्हतं तितं. तितं शंभू व्हता, मी व्हते, आन् चावी लग्नाला गेली व्हती."

मी खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला.